विश्लेषण : लोणारच्या मंदिरांचे जुने फोटो काढणारे मेजर रॉबर्ट गिल कोण होते? अजिंठ्यातल्या त्यांच्या २७ चित्रांपैकी चारच का उरली?

लोणारला आलेला पर्यटक आधी विवराच्या काठावर उभा राहून फोटो काढतो आणि मग गावात येऊन दैत्यसूदन मंदिराचा. मोबाइल खिशातून काढायचा, क्लिक करायचं, स्टेटसला टाकायचं. दोन मिनिटांचं काम.

साधारण १६० वर्षांपूर्वी, १८६० च्या दशकात, बुलढाणा जिल्ह्यातल्या याच लोणारच्या देवळांसमोर एका माणसानं कॅमेरा लावला होता. तेव्हा फिल्म नव्हती. वऱ्हाडाच्या या भागात चांगले रस्तेही नव्हते. काचेच्या प्लेट, रसायनांच्या बाटल्या आणि लाकडी कॅमेरा, असं सगळं ओझं बैलगाडीवर नाहीतर माणसांच्या डोक्यावर लादून फिरावं लागे. त्या माणसाचं नाव मेजर रॉबर्ट गिल. त्यांनी काढलेले लोणारचे फोटो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत.

महाराष्ट्राला गिल माहीत आहेत ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. अजिंठ्याची चित्रं उतरवणारा गोरा साहेब आणि त्याची पारो. कवी ना. धों. महानोरांनी या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं आणि २०१२ मध्ये नितीन देसाईंनी त्याच नावाचा मराठी चित्रपट केला. प्रेमकथा घराघरांत पोचली. पण गिल यांनी जवळपास वीस वर्षं लेण्यांत बसून नेमकं काय केलं, त्यातलं काय जळालं आणि काय वाचलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

गिल अजिंठ्याला आले कसे?

गिल यांचा जन्म १८०४ चा, लंडनचा. विशीच्या आतबाहेर असतानाच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात भरती होऊन हिंदुस्थानात आले. पेशा सैनिकाचा, पण हात चित्रकाराचा. त्या काळी लष्करी अधिकाऱ्यांना नकाशे आणि स्थळचित्रं काढता येणं उपयोगाचं असे. त्यामुळे चित्र काढणारा सैनिक ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हती. गिल मात्र त्यातले वरच्या दर्जाचे होते.

अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली ती २८ एप्रिल १८१९ ला. जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघूर नदीच्या खोऱ्यात आला होता. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती आजही तिथे आहे. (लेण्यांच्या भिंतींवर नावं कोरण्याची सवय फक्त आपल्या कॉलेजच्या पोरांनाच आहे, असं समजायचं कारण नाही.) आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना लेणी आधीपासून ठाऊक होतीच. त्यामुळे ‘शोध लावला’ हा शब्द जपूनच वापरायला हवा.

स्मिथनंतर साहेब लोकांची ये-जा सुरू झाली आणि चित्रांचे हाल व्हायला लागले. डॉ. जेम्स बर्ड नावाच्या गृहस्थांनी तर सतराव्या लेण्यातल्या चित्रातल्या काही आकृती भिंतीवरून सोलून नेण्याचा प्रयत्न केला. ती चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. सोललं की भुगाच हाती येणार, आणि तसंच झालं.

वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसमोर हिंदुस्थानातल्या कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रं टिकणार नाहीत, निदान त्यांच्या नकला तरी करून ठेवा, असा आग्रह त्यामागे होता. कंपनीच्या संचालकांनी ते मान्य केलं आणि १८४४ मध्ये या कामावर कॅप्टन रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचं वय चाळीस. घरी बायको-मुलं होती. काम काही वर्षांत आटपेल, असाच सगळ्यांचा अंदाज असणार.

त्या भिंतींवर असं काय होतं?

अजिंठ्याची लेणी दोन काळांत कोरली गेली. पहिली सातवाहनांच्या काळात, इसवी सनापूर्वीच्या शतकांत. दुसरी पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या वेळी. इथे विदर्भातल्या वाचकांनी जरा थांबावं. हरिषेण हा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम, लोणारपासून फार लांब नाही. सोळावं लेणं दान केलं ते हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं, तसा शिलालेखच तिथे आहे. म्हणजे ज्या चित्रांसाठी जगभरातून लोक येतात, त्यांना राजाश्रय दिला तो वऱ्हाडानं.

चित्रांची पद्धत समजून घेतली तर गिल यांच्यापुढची अडचण कळते. कारागिरांनी आधी काळ्या बेसॉल्टची भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली. त्यावर माती, भाताचं तूस, गवत आणि झाडांचे तंतू कालवून केलेला गिलावा चढवला. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग रंग. पिवळा आणि तांबडा रंग गेरूसारख्या मातीचा, हिरवा हिरव्या मातीचा, पांढरा चुन्याचा, काळा काजळीचा. बहुतेक सगळा माल आसपासच्या डोंगर-नाल्यांतलाच. फक्त निळा परदेशी. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून व्यापाऱ्यांमार्फत आलेला. इंग्रज या चित्रांना फ्रेस्को म्हणत राहिले, पण फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग देतात. इथे गिलावा वाळल्यावर, चिकट द्रव्यात कालवलेले रंग वापरले आहेत.

आणि विषय? जातककथांत बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या गोष्टी असतात, आणि त्यांतल्या अनेक जन्मांत तो प्राणी असतो. त्यामुळे भिंतींवर हत्ती, हंस, माकडं, हरणं जिवंत होऊन आलेली दिसतात. छतांवर कमळं, वेली, फळं आणि पक्षी. हे काढणाऱ्यांनी हत्ती लांबून पाहिलेला नव्हता. सोंड कशी वळते आणि हत्ती पाण्यात कसा उतरतो, हे त्यांना नीट माहीत होतं. लेण्यांबाहेरचं जंगलच त्यांनी आत आणलं.

गिल यांना हे सगळं तैलरंगात कॅनव्हासवर उतरवायचं होतं. म्हणजे माध्यमच बदललं. मातीच्या रंगांना चमक नसते, तैलरंगाला असते. मूळ चित्रावर धूर, ओल, वटवाघळं आणि कीटक यांनी हजार-दीड हजार वर्षं आपापलं काम केलेलं. मागच्या भिंतींपर्यंत उजेड पोचत नाही. आज तिथे मंद दिवे आहेत, तरी डोळे सरावायला वेळ लागतो. त्या काळी दिवसाचा उजेड आत येईल तेवढा वेळ काम करायचं, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात त्यालाही मर्यादा. शिवाय जंगलात वाघ होते आणि हिवतापही होता. गिल स्वतः नावाजलेले वाघाचे शिकारी होते, त्याचे किस्से त्या भागात अजून सांगितले जातात.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. गिल यांचा मुक्काम अजिंठा गावातल्या बारादरीत. तिथून घाट उतरून लेण्यांपर्यंत जायचं. १८४४ ते १८६३, हे काम जवळपास वीस वर्षं चाललं. मोठमोठ्या कॅनव्हासवर त्यांनी २७ चित्रं केली आणि ती एकेक करून लंडनला रवाना झाली.

पारोचं काय?

पारो खरी होती. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि तिचा मृत्यू २३ मे १८५६ ला झाल्याची नोंद त्या कबरीवरच्या लेखात आहे. गिल यांनीच तो लेख बसवला.

बाकीचं बहुतेक लोकांच्या तोंडून आलेलं. ती लेणापूरची होती, रंगांसाठी माती आणि पानंफुलं तीच आणून देई, गावानं या संबंधाला विरोध केला, असं परिसरात सांगतात. कविता आणि चित्रपट या सांगण्यावरच उभे आहेत. त्यात चूक काही नाही. पण एक गोष्ट मला खटकते. ही कथा इतकी मोठी झाली की गिल म्हणजे फक्त प्रेमात पडलेला चित्रकार उरला. पारो गेल्यावर हा माणूस आणखी वीसेक वर्षं याच मुलखात राहिला आणि त्यानं हातात एक नवीन यंत्र घेतलं, ते कथेत येतच नाही. आमच्या जिल्ह्याशी गिल यांचा संबंध येतो तो नेमका या दुसऱ्या भागात.

चित्रकाराच्या हाती कॅमेरा कसा आला?

१८५० च्या दशकात फोटोग्राफी हिंदुस्थानात पसरायला लागली होती. पुरातन वास्तूंच्या नोंदी हातानं चित्रं काढून करण्यापेक्षा फोटोनं कराव्यात, असं कंपनी सरकारला वाटू लागलं. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिल यांच्याकडे कॅमेरा आला. पन्नाशी उलटलेला माणूस नवीन तंत्र शिकायला बसला.

त्या काळी रूढ असलेली पद्धत म्हणजे ओली प्लेट. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रव एकसारखं पसरायचं. अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे ती प्रकाशाला संवेदनशील होते. ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हवं, कारण प्लेट वाळली की फोटो गेला. आता हे वऱ्हाडच्या एप्रिलमध्ये करून पाहा. म्हणजे फोटोग्राफरला अंधारा तंबू, रसायनं आणि स्वच्छ पाणी हे सगळं देवळाच्या दारापर्यंत न्यावं लागे. लोणारला निदान धारेचं पाणी बारमाही आहे. विवरातल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात प्लेट धुणं परवडलं नसतं.

गिल यांच्या बऱ्याच फोटोंची आणखी एक गंमत आहे. ते स्टिरिओ फोटो आहेत. आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण साडेसहा सेंटिमीटरवर असतात. दोघांना दिसणारं दृश्य किंचित वेगळं असतं आणि मेंदू त्या फरकातून खोली ओळखतो. स्टिरिओ कॅमेऱ्याला तशाच दोन भिंगा. दोन फोटो शेजारी-शेजारी छापायचे आणि खास चष्म्यातून पाहायचे. खांबांच्या रांगा, गाभाऱ्याची खोली, भिंतीतून पुढे आलेली शिल्पं, सगळं उठून दिसतं. मोबाइल अडकवून व्हीआर व्हिडिओ पाहायचा पुठ्ठ्याचा डबा काही वर्षांपूर्वी मिळायचा, त्यामागचं तत्त्व हेच. सपाट भिंतीवरची चित्रं वीस वर्षं उतरवलेल्या माणसाला खोली दाखवणारं यंत्र मिळालं, आणि त्यानं ते दगडी देवळांकडे वळवलं.

१८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्याबरोबर त्यांची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. एक कोरीव लेण्यांवर, त्यात गिल यांचे ७४ फोटो. दुसरं शंभर स्टिरिओ फोटोंचं, पश्चिम हिंदुस्थानातली वास्तुकला आणि निसर्ग या विषयावर. फोटो गिल यांचे आणि मजकूर फर्ग्युसन यांचा.

लोणारमध्ये त्यांना काय दिसलं असेल?

१८५३ च्या करारानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं होतं. लोणार त्या मुलखात येत असे. अजिंठ्याची डोंगररांगच पूर्वेकडे बुलढाणा जिल्ह्यात शिरते. बुलढाणा शहर वसलंय ते त्याच रांगेवर. पैनगंगा उगम पावते तीही याच डोंगरात. म्हणजे अजिंठ्यात राहणाऱ्या माणसाला लोणार हा काही वेगळा देश नव्हता. एकाच डोंगराच्या अंगानं यायचं.

दगडही एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर थिजून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. अजिंठ्याच्या कारागिरांनी तो वरून खाली कोरत नेला आणि आत विहार काढले. लोणारला त्याच बेसॉल्टवर अशनी आदळला आणि साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. मग यादवकाळाच्या आसपास कारागिरांनी तोच काळा पाषाण घडवून विवराच्या आत, काठावर आणि गावात देवळं उभी केली.

अशनीची गोष्ट गिल यांना माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांच्या काळात हे ज्वालामुखीचं तोंड मानलं जाई. विवर अशनीच्या आघातानंच झालं, याचा भक्कम पुरावा मिळाला तो थेट १९७३ मध्ये. प्रचंड दाबाखाली खनिजाची काच होते, तसे नमुने शास्त्रज्ञांना लोणारच्या खडकात सापडले. बेसॉल्टमध्ये झालेलं असं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ आहे, म्हणून चंद्रावरच्या विवरांशी तुलना करायला शास्त्रज्ञ इथे येतात.

लोकांकडे मात्र या खड्ड्याचं उत्तर आधीपासून होतं. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहायचा, विष्णूनं त्याला मारलं आणि त्याच्या घराचा हा खड्डा. लवण म्हणजे मीठ आणि तळ्याचं पाणी खारं. दैत्याचा वध करणारा तो दैत्यसूदन, त्याचं देऊळ गावात. सृष्टीचं निरीक्षण, पुराण आणि शिल्प यांची अशी सरळ साखळी फार थोड्या ठिकाणी दिसते. देवळाच्या बाह्य भिंतींना इतके कोन आहेत की प्रत्येक कोपऱ्यावर ऊन वेगळं पडतं. सकाळी एक शिल्प उजळतं, दुपारी दुसरं. देऊळ ज्यांनी उन्हात उभं राहून पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. स्टिरिओ कॅमेऱ्यासाठी याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही.

हे फोटो कलाकृती म्हणून मोठे आहेत का, यावर मतभेद होऊ शकतात. गिल यांनी देऊळ समोरून, शांतपणे, नोंद करायची म्हणून टिपलंय. पण डागडुजीच्या आधी, आजूबाजूची घरं आणि तारा येण्याआधी ही वास्तू कशी उभी होती, हे पाहायचं तर तेच फोटो पाहावे लागतात. मूळ बांधकाम कुठलं आणि नंतरची भर कुठली, हे ठरवायला असा जुना फोटो हाताशी असला की काम सोपं होतं.

मग २७ चित्रांचं काय झालं?

गिल यांची अजिंठ्याची चित्रं लंडनजवळच्या सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. लोखंड आणि काचेची ती अवाढव्य इमारत म्हणजे त्या काळाचं आश्चर्य. ३० डिसेंबर १८६६ ला तिच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. गिल यांची चित्रं त्यात गेली. वाचली ती फक्त चार, कारण ती तिथे टांगलेलीच नव्हती. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

वीस वर्षांचं काम एका दिवसात गेलं. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचे होते.

इंजिनीअरिंग शिकलेल्या कुणालाही इथे पहिला प्रश्न पडतो तो बॅकअपचा. सगळा डेटा एकाच हार्ड डिस्कवर ठेवायचा नसतो, हे आज शाळकरी पोरालाही माहीत आहे. इथे तर ही चित्रं स्वतःच बॅकअप होती. मूळ नष्ट होईल म्हणून केलेली नक्कल. ती नक्कल हजारो किलोमीटर दूर एकाच छताखाली टांगली आणि तिची नक्कल कुणी करून ठेवली नाही. १८५६ मध्ये प्राचीन भारतीय जीवनावर लंडनमध्ये निघालेल्या एका पुस्तकात गिल यांच्या काही चित्रांवरून केलेली छोटी कोरीव ठशांची चित्रं छापली गेली होती. जळालेल्या चित्रांचा माग काढायला पुढे तोच आधार उरला. हातभर मोठा कॅनव्हास गेला आणि पुस्तकातलं बोटभर चित्र राहिलं.

नियतीचा खेळ बिळ म्हणण्यापेक्षा याकडे व्यवस्थेचा दोष म्हणून पाहायला हवं. कंपनीला ही चित्रं हवी होती, पण लंडनमध्ये. इथे, ज्या मुलखात ती निघाली, तिथे एकही प्रत ठेवायचा विचार कुणी केल्याचं दिसत नाही. अजिंठा आणि फर्दापूरच्या ज्या माणसांनी गिल यांचं सामान वाहिलं आणि त्यांच्यासाठी दिवे धरले, त्यांनी ती चित्रं पेटीत बंद होऊन जाताना पाहिली, तेवढंच.

फोटोंचं नशीब वेगळं. काचेच्या एका प्लेटवरून हव्या तितक्या प्रती निघतात. पुस्तकं छापली गेली, प्रती वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या आणि त्यामुळे टिकल्या. ज्या कामासाठी गिल यांना पाठवलं ते बहुतेक जळालं. उतारवयात शिकलेल्या कामानं लोणार आणि अजिंठा, दोन्ही त्यांच्या नावावर राहिलं.

या आगीतून पुढच्यांनी धडा घेतला का?

फारसा नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले आणि नकला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नाव काढलेले भारतीय चित्रकार या कामात तयार झाले, हा त्यातला मोठा फायदा. गिल तेव्हा हयात होते. आपलं आयुष्य ज्या भिंतींसमोर गेलं, त्याच भिंतींसमोर दुसऱ्यांनी बैठक मांडलेली त्यांच्या हयातीतच झाली.

ग्रिफिथ्स यांची चित्रंही लंडनला गेली. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये आग लागली आणि त्यातलीही बरीच नष्ट झाली. या वेळी बरं एवढंच की उरलेल्या कामावरून १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा छापील ग्रंथ निघाला. त्यानंतर जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी अजिंठ्याच्या नकला केल्या. त्या टोकियोत १९२३ च्या भूकंपात गेल्या. लंडन, पुन्हा लंडन, मग टोकियो. मातीच्या गिलाव्यावरची मूळ चित्रं मात्र, सोलली, खरवडली आणि धुरकटली तरी, अजून डोंगरातच आहेत.

गिल यांचा शेवट कुठे झाला?

इंग्लंडला नाही. गिल शेवटपर्यंत इथेच राहिले. १० एप्रिल १८७९ ला, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, त्यांचं भुसावळला निधन झालं आणि तिथेच त्यांना पुरलं. पारोची कबर अजिंठ्यात, गिल यांची भुसावळला. भुसावळ स्टेशनवरून रोज हजारो प्रवासी जातात, त्यातले अनेक अजिंठ्यालाच निघालेले असतात. जवळच गिल यांची कबर आहे, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

लोणारला जाणार असाल तर गिल यांचे दैत्यसूदन मंदिराचे जुने फोटो आधी शोधून मोबाइलमध्ये ठेवा. मंदिरासमोर उभं राहून त्यातला एक उघडा आणि गिल यांनी कॅमेरा कुठे लावला असेल ते शोधा. सकाळी लवकर गेलात तर बरं, दुपारी त्या काळ्या दगडावर अनवाणी उभं राहवत नाही.